पाहुण्यांची साखर

दलांदानं लंगोट उलगडला, नाक न मुरडता आत पाहिलं आणि चपट्या काडीनं त्यातला दोन चमचे ऐवज काचेच्या कुपीत भरला. कुपीवर तारीख घातली, अठरा हा आकडा लिहिला आणि ती बर्फाच्या डब्यात उभी करून ठेवली.

“घे बाई, घे. पोटभर घे,” मोंजिया म्हणाली. अंगणातल्या नारिंगाच्या झाडाखाली पाय पसरून ती मटार सोलत बसली होती. “कमी पडलं तर दुपारी परत ये. आमचा इल्यास हात आखडता घेणाऱ्यांतला नाही.”

“दिसतंयच की, मावशी.”

“गल्लीत तुला काय म्हणतात माहीत आहे ना? शीवाली डॉक्टरीण.”

“मी डॉक्टर कुठली? नुसतं शीवाली म्हटलं तरी चालेल.”

मोंजिया इतकी हसली की मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. हसायला तिला आता कारण होतं. तिचा हा नातू दीड महिना आधीच जन्माला आला, तीन आठवडे दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत राहिला, आणि घरी आल्यावर दोन महिने त्यानं कुणाच्या डोळ्याला डोळा लागू दिला नाही. पोट नगाऱ्यासारखं ताठ, लंगोटात हिरवं पाणी, आणि वजनाचा काटा जागचा हलेना. मोंजियानं दृष्ट काढली, पाळण्याला चांदीची मासळी बांधली, ज्यानं जे सांगितलं ते केलं. आता साडेपाच महिन्यांचा इल्यास चटईवर उताणा पडून अंगठा चोखत होता आणि त्याच्या मांड्यांना वळ्या पडल्या होत्या.

दलांदा गेले पाच महिने दर मंगळवारी या घरी येत होती. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं तीस बाळंतिणी निवडल्या होत्या. प्रत्येकीचं कुपीभर दूध आणि बाळाचा एक लंगोट, एवढंच तिला हवं असे. आईच्या दुधातून बाळाच्या पोटात काय जातं आणि तिथं काय वाढतं, ते पाहायचं होतं. महदिया गावच्या बायकांना हे सारं थोतांड वाटे. पण दलांदा गावचीच, मासळीबाजारामागच्या गल्लीतली, म्हणून तिला कुणी नाही म्हणत नसे.

इल्यासशेजारी त्याची आत्येबहीण, चार वर्षांची दोर्साफ, मटाराचे दाणे एकेक करून त्याच्या पोटावर रचत होती.

“ए भवाने, नवऱ्याला लाथ लागतेय तुझी. सरक,” मोंजिया म्हणाली.

“आजी, हा माझा नवरा कधी होणार?”

“दात येऊ देत, मिशी येऊ दे. मग लावून टाकू. घरातली सोयरीक घरातच बरी. बाहेरच्यांना कशाला द्यायची आपली पोर?”

अंगणाला लागून असलेल्या खोलीत मागाचा खटखटाट चालला होता, तो एकाएकी थांबला. पडदा सारून सुआद बाहेर आली. मोंजियाची ही थोरली लेक, दोर्साफची आई. रेशीम विणणारी, अबोल. तिचा नवरा सिसिलीकडे मासेमारीच्या बोटीवर होता. जानेवारीत तिला मुलगा झाला आणि दोन दिवसांत गेला. तेव्हापासून ती आईकडेच राहत होती. भावजय शाळेत शिकवायला गेली की सकाळभर इल्यासला तीच सांभाळी.

“भूक लागली असेल त्याला,” ती कुणाकडेही न बघता म्हणाली. भावजयीनं सकाळी काढून ठेवलेली दुधाची बाटली तिनं फ्रिजमधून घेतली, बाळाला खांद्यावर टाकलं आणि पडद्याआड गेली.

दलांदा हात धुवायला झाडाजवळच्या नळाशी आली. नारिंग फुलांनी लगडलं होतं, वासानं अंगण भरलं होतं. बुंध्याशी मात्र माती चिकट ओली होती आणि तिथं मुंग्यांची दाट रांग लागली होती.

“मुंग्या फार झाल्यात, मावशी.”

“फुलांना येतात मेल्या.”

“फुलं वर आहेत. मुंग्या खाली.”

“तुला बाई सगळ्यात डोकं घालायचं असतं. आता मुंग्यांचे लंगोट तपास.”

दार दिवसभर सताड उघडंच असे. तरीही बाहेर किल्ल्यांचा जुडगा वाजला, चांगला दोनतीनदा. मग खोकला ऐकू आला. आणि मग इल्यासची आई वसिला आत आली.

“उघड्या दाराला किल्ल्या वाजवते ही,” मोंजिया दलांदाला म्हणाली. “दोन महिने झाले हे खूळ. आणि म्हणे शाळेत पोरांना शिकवते!”

“सवय लागलीय, आई,” वसिला म्हणाली. वह्यांची पिशवी तिनं अगदी सावकाश खुंटीला अडकवली. तोवर सुआद बाळाला घेऊन बाहेर आली होती. बाटली रिकामी होती आणि इल्यास तिच्या खांद्यावर पेंगत होता.

“सगळं प्यायला?”

“सगळं.”

“गुणाचं गं माझं,” वसिला म्हणाली. म्हणताना ती बाळाकडे नाही, नणंदेकडे बघत होती.

गुरुवारी प्रयोगशाळेत गोठवलेल्या कुप्यांचे कागद यंत्रातून बाहेर आले. आईच्या दुधात शंभरावर तऱ्हेच्या साखरी असतात. यंत्र त्यांचे डोंगर काढतं, कुठं उंच, कुठं ठेंगणे. त्यांतला एक डोंगर बहुतेकींच्या दुधात सगळ्यांत उंच असतो आणि काहींच्या दुधात मुळीच नसतो. त्यात बाईचा काही दोष नाही. डोळ्यांचा रंग आईबापांकडून येतो, तसंच हेही. तीस जणींत अशा सात होत्या आणि वसिला त्यांतली एक. तिच्या दुधाच्या प्रत्येक कुपीत त्या जागी सपाट मैदान होतं. आणि तिच्या लेकाच्या लंगोटांत, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून पुढे, तो डोंगर ठसठशीत उभा होता.

“चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल,” प्रोफेसर म्हणाले. वीस वर्षं फ्रान्समध्ये काढून आलेले ते सज्जन गृहस्थ होते. “अठरा नंबर बाद करून टाक.”

“सलग दहा आठवडे अदलाबदल, सर?”

“मग काय, आईच्या दुधात नाही ते पोराच्या लंगोटात आकाशातून पडलं?”

दलांदा यंत्राकडे वळली. तिनं सगळे नमुने पुन्हा लावले, मग तिसऱ्यांदा लावले. डोंगर जागचा हलला नाही. दुसऱ्या कागदावर त्याच आठवड्यांत बाळाच्या पोटातले जीवाणू बदलत गेलेले दिसत होते. उपद्रवी होते ते मागे हटले होते आणि ज्यांची वाट बघायची असते ते भले जीवाणू हळूहळू बिऱ्हाड थाटत होते. तिला पडदा आठवला, रिकामी बाटली आठवली, मुंग्या आठवल्या. जानेवारीच्या तिसऱ्याच आठवड्यात ती सुआदला भेटायला गेली होती. तेव्हा बाळाला पुरून माणसं नुकतीच परतली होती. सरांना हे सुचणं शक्य नव्हतं. महदियातल्या कुठल्याही म्हातारीला ते चुटकीसरशी सुचलं असतं.

आमच्याकडे एक घोट पुरतो. ज्या बाईचं दूध प्यायलं तिचं ते मूल झालं, तिची मुलं त्याची भावंडं झाली, आणि भावंडांची लग्नं होत नाहीत. म्हणून पाजणारीनं ते आपल्या तोंडानं चार माणसांत सांगायचं असतं. न सांगितलेलं दूध पुढे काय करतं, हे दलांदाला कुणी शिकवायला नको होतं. अठरा वर्षांपूर्वी तिच्या लग्नाचा करार लिहायला माणूस येऊन बसला होता, सगळ्यांना साखरेचे बदाम वाटून झाले होते, आणि नवऱ्या मुलाची मावशी बऱ्याच वर्षांनी परगावाहून आली होती. तिनं दलांदाच्या आईकडे निरखून पाहिलं आणि ती मटकन खालीच बसली. दलांदाची आई तापानं फणफणली होती तेव्हा शेजारच्या या बाईनं दलांदाला आठ दिवस अंगावर पाजलं होतं. आपल्या बहिणीच्या मुलालाही, शफीकलाही, तिनंच पाजलं होतं. सांगायचं राहून गेलं होतं, एवढंच. कुणाची काही चूक नव्हती आणि कुणाला काही करताही येण्यासारखं नव्हतं. शफीक अजून दर ईदला फोन करतो आणि तिला बहीण म्हणतो. दलांदानं पुढे लग्न केलं नाही.

तरीही चार दिवस ती गप्प राहिली. सांगितलं तर सुआदच्या मांडीवरून बाळ जाणार होतं. नाही सांगितलं तर एक दिवस दोर्साफच्या पुढ्यातही असाच कुणी कागद घेऊन बसणार होता.

सोमवारी सकाळी ती डबा न घेताच त्या घरी गेली. मोंजिया बाजारात गेली होती. दोर्साफ अंगणात मांजराच्या मागे धावत होती. सुआद मागावर बसली होती आणि इल्यास तिच्या पायाशी टोपलीत झोपला होता.

“आज डबा नाही?”

“नाही. तुझ्याशीच बोलायचंय.”

सुआदचा हात धोट्यावर थांबला.

“त्याला तू अंगावर पाजतेस ना?”

सुआदनं तुटलेला धागा शोधावा तसं ताण्यावरून बोट फिरवलं. धागा कुठंच तुटला नव्हता.

“कुणी सांगितलं?”

“लंगोटांनी.”

“लंगोट बोलतात?”

“मी तेवढंच ऐकायला शिकलेय गं.”

सुआदच्या ओठांवर हसू येता येता राहिलं. मग ती मागाशीच बोलावं तशी बोलायला लागली.

“त्याला नेलं, आणि दुसऱ्या दिवशी मला दूध उतरलं. दुधाला काय माहीत प्यायला कुणी नाही म्हणून? कपडे भिजून जायचे. आई म्हणाली, कोबीची पानं बांध, आटेल. त्या दिवशी हा रडून रडून निळा झाला होता, बाटलीला तोंड लावेना. मी नुसतं जवळ घेतलं. खरंच सांगते, नुसतं जवळ. त्यानं आपलं आपणच शोधलं.”

“आणि मग?”

“मग मी थांबले नाही.”

“वसिला ठेवून जाते ते दूध?”

“मोरीत ओतवेना मला. आईचं दूध आहे ते. भांड्यात ठेवते, कुणी नसलं की झाडाला घालते.”

टोपलीत इल्यासनं झोपेतच ओठ हलवले. दोघीही तिकडे बघत राहिल्या.

“सांगायला हवं, सुआद.”

“सांगेन.”

“आज सांग.”

“आज नको. सांगितलं की ती त्याला माझ्याकडे ठेवणार नाही. तिच्या जागी मी असते तर मीही ठेवलं नसतं. चोरीच आहे ही.” तिनं पदरासारखी खांद्यावरची ओढणी चेहऱ्याशी नेली. “पोरं लहान आहेत अजून. लग्न काय उद्या आहे?”

“माझंही उद्या नव्हतं,” दलांदा म्हणाली.

सुआदला ती गोष्ट माहीत होती. गावात कुणाला माहीत नव्हती? तिनं मान खाली घातली.

“आठ दिवस दे मला.”

दलांदानं आठ दिवस दिले. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी कुपी भरून गेली. पुढच्या मंगळवारी पुन्हा आली. मोंजियानं पुन्हा दोर्साफला नवऱ्यावरून छेडलं, खोलीतला माग पुन्हा थांबला, उघड्या दाराशी किल्ल्या पुन्हा वाजल्या. सुआदनं अजून सांगितलं नव्हतं. सुआदनं निरोप देताना दलांदाच्या नजरेला नजर दिली नाही.

बुधवारी दलांदा शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. वसिला मुलांच्या घोळक्यातून बाहेर आली, तिला पाहून थबकली आणि म्हणाली, “माझ्याबरोबर चालतेस? मी घराकडे नाही जात आहे.”

त्या दोघी भूशिराकडे निघाल्या. तिथं समुद्राच्या काठाला आमची सगळी माणसं पुरलेली आहेत. पांढऱ्या थडग्यांमधून वाट काढत वसिला सुआदच्या बाळाच्या हातभर थडग्यापाशी थांबली. त्याचा चुना अजून नवा होता. पाखरांना पाणी प्यायला वरच्या बाजूला वाटीएवढा खळगा केलेला होता. वसिलानं आपल्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं.

“रोज येतेस?” दलांदानं विचारलं.

“शाळा साडेअकराला सुटते. मला साडेबारापर्यंत घरी पोचायचं नसतं. मधला तास कुठं काढू? मग याच्यापाशी बसते.”

दलांदाला त्याचा अर्थ लागला नाही. रात्रभर जुळवून आणलेलं वाक्य डोक्यातून निसटेल या भीतीनं ती एकदम म्हणाली, “वसिला, सुआद इल्यासला अंगावर पाजते.”

“हो,” वसिला म्हणाली आणि बाटलीचं झाकण लावायला लागली.

“तुला माहीत आहे?” दलांदानं विचारलं.

“जानेवारीपासून. एकदा डोकं दुखत होतं म्हणून लवकर आले. पडदा अर्धा सरकलेला होता. आधी वाटलं, जावं आणि हिसकावून घ्यावं. मग ताईंचा चेहरा दिसला. बाळ गेल्यापासून त्यांचा तो चेहरा मी पाहिलाच नव्हता. तशीच मागे फिरले आणि इथं येऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून किल्ल्या वाजवायला लागले.”

“मग बोलली का नाहीस?”

“मी बोलले असते तर त्या थांबल्या असत्या. तुला ताई माहीत नाहीत. त्यांनीच आपल्या तोंडानं सांगावं म्हणून वाट बघतेय. दूध तुटायच्या आत सांगतील, नाहीतर मी विचारीनच.” ती समुद्राकडे बघत होती. “माझं बाळ घरात खेळत होतं आणि त्यांचे हात रिकामे. त्यांच्यासमोर त्याला उचलून घ्यायची मला लाज वाटायची गं. म्हटलं, दुसरं काय देणार आपण? दिवसातून एक तास देऊ.”

बोलण्यात तिच्या जरासा मोठेपणा होता आणि तो तिला शोभतही होता. दलांदाला आता उठून जाता आलं असतं. तिचं काम संपलं होतं. पण तिच्या पिशवीत कागद होते.

“अजून एक सांगायचंय,” ती म्हणाली आणि दोन्ही कागद तिनं गुडघ्यावर उघडले. “हे तुझं दूध. इथं, बघ, सपाट. ही एक साखर तुझ्या दुधात नाही. आणि हा इल्यासचा लंगोट. इथं आहे.”

“साखर कमी म्हणून त्याचं पोट भरत नव्हतं?”

“छे, छे. ही साखर बाळाला पचतच नाही.”

“पचत नाही तर दुधात कशाला?”

“बाळासाठी नसतेच ती. त्याच्या पोटात जे पाहुणे राहायला येतात ना, त्यांच्यासाठी असते. भले पाहुणे. त्यांना खायला मिळालं की ते टिकतात आणि वाईटांना बसायला जागा उरत नाही. आई बाळाला जेवू घालते आणि त्याच्या पाहुण्यांचं ताट वेगळं वाढते, असं समज.”

वसिला कागदावर वाकली. “आणि माझ्याकडे ते ताट नाही.”

“तुझ्याकडे दुसरी पुष्कळ आहेत. हे एक नाही. चारपाच जणींत एकीकडे नसतं आणि बहुतेक पोरं त्यावाचून मजेत वाढतात. पण हा आधीच आलेला, काचेत राहिलेला, औषधांनी पोट धुऊन निघालेलं. याच्याकडे पाहुणे टिकतच नव्हते. ते जानेवारीत टिकायला लागले. ही तारीख बघ.”

“सुआदताईंमुळे?”

“नुसत्या तिच्यामुळे, असं मी लिहून देणार नाही. वयानंही फरक पडतो. पण हा डोंगर घरात दुसऱ्या कुणाचा असायचा? तो तुझा नाही, एवढं मात्र मी शपथेवर सांगते.”

वसिलानं बोट तारखेवर ठेवलं आणि तिथून पुढे एकेक आठवडा ते सरकवत नेलं. जानेवारीत हिरवं पाणी थांबलं होतं. फेब्रुवारीत त्यानं पहिल्यांदा रात्रभर झोप काढली होती आणि घाबरून तीच चारदा उठून त्याचा श्वास पाहत होती. मार्चात काटा हलला होता. मोंजियानं गल्लीभर लाडवासारखी बातमी वाटली होती. बोट कागदाच्या काठाशी येऊन थांबलं.

“म्हणजे मी देत नव्हते,” ती म्हणाली. मग तिला रडू आणि हसू एकदमच आलं. “दलांदा, मी देत नव्हतेच गं! दोन महिने मी स्वतःला केवढी मोठी समजत होते. रोज इथं बसून मनात म्हणायची, बघ, तुझ्या आईवर मी किती उपकार करतेय.”

तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि त्या हातभर थडग्याच्या चुन्यावर तळवा ठेवला.

“याच्या वाटणीचं होतं ते,” ती म्हणाली. “याच्या पाहुण्यांसाठी केलेलं.”

बाटलीत उरलेलं पाणी तिनं खळग्यात रिकामं केलं, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत, आणि ती उठली. बाराही वाजले नव्हते. घरापर्यंत ती इतक्या झपाझपा चालली की दलांदाला धाप लागली. दाराशी किल्ल्या तिच्या हातात होत्या. तिनं त्या खिशात टाकल्या आणि पाऊल न वाजवता आत गेली.

मोंजिया झाडाखाली बसून मासळी साफ करत होती. वसिला तिच्याशी न बोलता सरळ स्वयंपाकघरात शिरली, स्टूल ओढलं आणि पिठाच्या डब्यांमागे हात घालून काहीतरी शोधायला लागली. डिसेंबरात मोंजियानं सुआदसाठी झरीर केलं होतं. तीळ आणि सुकामेवा कुटून, मध आणि लोणी घालून बाळंतिणीसाठी करतात ते. पहिला चमचा आईला आणि मग बाळ बघायला येईल त्या प्रत्येकाला. त्या वेळी घरी माणसं आली होती, पण ते खायला नाही. बरणी टाकून द्यायला कुणाचा हात धजला नव्हता.

“मागे शोधू नकोस,” अंगणातून मोंजियाचा आवाज आला. “पुढच्या फळीवर आहे. तूप वर आलं होतं, परवाच ढवळून ठेवलंय.”

वसिलाचा हात तसाच राहिला. मग तिनं पुढच्या फळीवरची बरणी घेतली, पुसायची गरज नव्हती, आणि एका छोट्या पेल्यात झरीर काढलं.

तिनं पडदा सारला तेव्हा सुआद भिंतीला टेकून बसली होती आणि इल्यास तिच्या अंगाशी होता. सुआदनं ओढणी ओढायला हात नेला.

“राहू द्या, ताई. त्याचं होऊ द्या,” वसिला म्हणाली आणि पेला हातात धरून तिच्या समोर जमिनीवर बसली. “पण तुमच्या तोंडानं सांगा. आई बाहेर आहेत, दलांदा आहे. चारचौघांत व्हायला हवं ना?”

बाळाच्या घोटांचा आवाज तेवढा येत होता.

“मी याला पाजलंय,” सुआद म्हणाली. मग दाराकडे तोंड करून म्हणाली, “आई, मी इल्यासला पाजलंय. जानेवारीपासून. रोज.”

“झालं एकदाचं!” मोंजियानं हातातली सुरी खाली आपटली. “दहा आठवडे त्या पोरीचं लग्न लावतेय मी, आता तरी तोंड उघडशील म्हणून. जीभ झिजली माझी. आणि रोज बाजारात जाऊन तीच ती मासळी बघत उभी राहते. मासेवाले हसतात मला.” ती उठून दाराशी आली. हात मासळीचे म्हणून तिनं कोपरानंच डोळे पुसले. “म्हणे मुंग्या फुलांना येतात!”

“ते तुम्हीच म्हणालात, मावशी,” दलांदा म्हणाली.

“मग? ही शीवाली चौकशी करणार, मी काय सांगणार होते?”

वसिलानं चमचा भरून सुआदच्या ओठांशी नेला. सुआदनं मान फिरवली.

“हे माझं नाही.”

“तुमच्याच नावाचं केलेलं आहे. मुलगा झाला की आईला देतात ते.” वसिलानं चमचा मागे घेतला नाही. “याच्या पोटात जे रुजलं ते तुमच्या दुधावर, ताई. दलांदाकडे कागद आहेत, ती दाखवेल. मला ते येत नव्हतं. माझ्या अंगातच नाही. तुम्ही दिलंत. तुमच्या त्यानं दिलं. औक्षवंत व्हा.”

सुआदनं मान तिच्याकडे वळवली. मग तिनं तोंड उघडलं.

दोर्साफ आजीच्या पायांमधून आत डोकावली. “हा कुणाचा मुलगा झाला?”

“तुझ्या आईचा,” वसिला म्हणाली. “आणि माझा. तुझा भाऊ.”

“म्हणजे नवरा नाही?”

“नाही गं बाई. तुला आता बाहेरचा बघू,” मोंजिया म्हणाली. “दातमिशीवाला, तयार.”

इल्यासनं तोंड सोडवलं आणि ढेकर दिली. सुआदनं त्याला खांद्यावर घेतलं, मोकळ्या हातानं पेला आपल्याकडे ओढला, चमचा काठोकाठ भरला आणि वसिलापुढे धरला.

“घे,” ती म्हणाली. “पाहुण्यांनाही द्यायचं असतं.”